व्हॅलेन्सियात जेवायचं तर घड्याळातून दीड तास वजा करा

माझं कर्वेनगरात पोळीभाजी केंद्र आहे. सकाळी सहाला कणीक भिजते, साडेबाराला गर्दी आणि दीडला शटर खाली. अडीचला येऊन "काकू, दोन भाज्या, आठ पोळ्या" म्हणणाऱ्यालाही मी रिकाम्या हाताने पाठवत नाही, पण त्याच्या डब्यात जातं ते उरलेलं. भाजी तीच, चव ती नाही. हे आधीच सांगते, कारण मे-जूनमध्ये लेकीकडे स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाला पाच आठवडे राहिले आणि पहिले तीन दिवस मी तिथली अडीचची गिऱ्हाईक होते. फरक एवढाच की मी उशिरा नाही, लवकर पोचत होते.

पहिल्या दिवशी पुण्याच्या सवयीने साडेबाराला भूक लागली. नवरा आणि मी जुन्या गावात शिरलो, तर चांगल्या दिसणाऱ्या सगळ्या हॉटेलांत खुर्च्या टेबलांवर उलट्या. उघडं सापडलं ते कॅथीड्रलजवळचं एक, दारात रंगीत फोटोंचा भला मोठा बोर्ड. भात आला तो हळदीकुंकवातल्या हळदीसारखा पिवळाधमक, वर मटार, कोळंबी आणि चिकन एकाच ताटात. भात मऊ, मध्येच गार. फ्रीजमधून काढून गरम केलेलं अन्न मला वासावरून कळतं, धंदाच तो आहे. दोघांचे मिळून चाळीसएक युरो गेले. संध्याकाळी सातला परत तीच गत, शेवटी पिझ्झा खाल्ला.

चौथ्या दिवशी लेक म्हणाली, "आई, इथलं घड्याळ खोटं आहे." ते शब्दशः खरं निघालं. व्हॅलेन्सिया जवळजवळ ग्रिनिचच्या रेषेवर आहे, म्हणजे घड्याळ लंडनचं हवं. पण 1940 साली हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत स्पेनची घड्याळं एक तास पुढे केली ती तशीच राहिली, आणि उन्हाळ्यात त्यात आणखी एक तास वाढतो. त्यामुळे मे-जूनमध्ये तिथे सूर्य डोक्यावर येतो तो घड्याळात दोनला. पुण्यात तो साडेबाराच्या सुमाराला येतो. घ्या हिशेब. तिथली माणसं अडीचला जेवतात तेव्हा सूर्याच्या हिशेबाने पुण्यातला एक वाजलेला असतो. रात्री साडेनऊला जेवतात म्हणजे आपले आठ. आळशी नाहीत, उशिरा उठणारेही नाहीत. घड्याळातून दीड तास वजा करायचा, बस. मग भूकही वेळेवर लागते आणि खुर्च्याही सरळ सापडतात. दुपारी एक ते चारचा पुणेरी विनोद मी इथे करणार नाही, तो तुम्ही मनात केलाच असेल.

सकाळी उठल्यावर फारसं काही खाऊ नका. कॉफी आणि हवं तर एखादं बिस्कीट. पोट राखून ठेवायचं ते साडेदहासाठी. या खाण्याला व्हॅलेन्सियन भाषेत एझ्मोर्झारेत म्हणतात, आपल्या शब्दांत सांगायचं तर न्याहारी. हॉटेलातला ब्रेकफास्ट नव्हे, शेतावरची न्याहारी. शहराभोवती ओर्ता नावाचा भाजीपाल्याचा पट्टा आहे. तिथे पहाटेपासून राबणाऱ्या माणसांचं हे मधल्या वेळचं खाणं होतं, आता बँकेतले, प्लंबर, पोलीस, सगळे खातात.

आमच्या बेनिमाक्लेत भागातल्या एका बारमध्ये पहिल्यांदा गेलो. टेबलावर कागद अंथरला, त्यावर टरफलांसकट भाजलेल्या शेंगदाण्यांची वाटी, ऑलिव्ह आणि लोणच्यातल्या हिरव्या मिरच्या. न मागता. याला "गास्तो" म्हणतात, म्हणजे खर्च. पूर्वी माणसं पाव घरून बांधून आणायची आणि बारमध्ये फक्त या चिल्लर गोष्टींचा आणि वाईनचा खर्च द्यायची, म्हणून ते नाव. मग येतो बोकादियो, हातभर लांब कडक पावाचा अर्धा तुकडा, पोट भरलेला. त्यांची नावंही ठरलेली असतात. चिवितो म्हणजे डुकराच्या मांसाचे पातळ काप, बेकन, अंडं आणि मेयोनेज. आल्मुसाफेस म्हणजे सोब्रासादा नावाचं लाल मऊ सॉसेज, चीज आणि कांदा. हे नाव जवळच्या एका गावाचं. शाकाहाऱ्यांनी तोर्तिया दे पातातास मागावा, बटाट्याचं जाड ऑम्लेट, पावात घातलेलं. आमच्या घरी अंडं घराबाहेर चालतं, त्यामुळे शाकाहारी नवऱ्याचा प्रश्न मिटला.

शेवटी क्रेमाएत. रममध्ये साखर, दालचिनी, लिंबाची साल, कॉफीचे दाणे घालून ती पेटवतात आणि वर कॉफी ओततात. छोट्या काचेच्या ग्लासात तीन थर दिसतात. सकाळी अकराला. माझ्या शेजारच्या टेबलावर चार रंगारी बसले होते, कपड्यांवर पांढरे शिंतोडे, चौघांनी क्रेमाएत घेतला आणि शांतपणे परत शिडीवर चढायला गेले. मी साधी कॉफी घेतली. तिथे कॉफीचेही प्रकार आहेत. "बोंबोन" मागितलीत तर खाली मिल्कमेडचा थर आणि वर कडक कॉफी येते. आपल्याकडच्या गोडखाऊ मंडळींनी तीच घ्यावी. उन्हात "देल तिएम्पो" मागावी, बर्फ आणि लिंबाची चकती घातलेली. कॉफीत लिंबू हे वाचून तोंड वाकडं केलंत ना? मीही केलं होतं. आम्हा दोघांचे न्याहारीचे मिळून पंधरा-सोळा युरो व्हायचे, पेय आणि कॉफीसकट. युरो शंभरीच्या आसपास धरा. रविवारी सकाळी मिसळीला जाताना आपण हिशेब करतो का? तसंच.

न्याहारीनंतर बाजारात जावं. मेर्कादो सेंत्राल म्हणजे तिथली मंडई. 1928 साली उघडलेली, लोखंड, काच आणि रंगीत फरशांची, घुमटावर वाऱ्याबरोबर फिरणारा पोपट. रविवारी बंद आणि इतर दिवशी दुपारी तीनला आवरतात, तेव्हा संध्याकाळवर ठेवू नका. आपल्या मंडईत बोट घालून टोमॅटो दाबून बघायची सवय असेल तर हात खिशात ठेवा, तिथे माल गाळेवाली बाई निवडून देते. आणि रांग दिसत नाही. माणसं इकडेतिकडे उभी असतात, पण रांग असते. येणाऱ्याने विचारायचं, "किएन एस एल उल्तिमो?" शेवटचं कोण? कुणीतरी हात वर करतं. तो झाला की तुम्ही. हे मला कळेपर्यंत एका आजीबाईंनी मला दोनदा मागे सरकवलं होतं. अगदी तुळशीबागेतल्या आवाजात, भाषा न कळताही अर्थ पोचला.

आता भात. याच्यासाठीच तर गेलो होतो.

पाएया हे मुळात भांड्याचं नाव, पदार्थाचं नंतर. उथळ, पसरट, दोन कानांची लोखंडी कढई. मला खरी पाएया खायला मिळाली ती लेकीच्या घरमालकीणबाईंकडे, त्यांच्या गावाकडच्या घरी, एका रविवारी. अंगणात संत्र्याच्या लाकडांची चूल, आणि रांधायला त्यांचे मोठे दीर. बायका सावलीत गप्पा मारत बसल्या होत्या. हे दृश्य बघायला मी विमानाचे पैसे पुन्हा एकदा भरले असते.

मी चुलीपासून हलले नाही. आधी ऑलिव्ह तेलात चिकन आणि सशाचे तुकडे, घाई नाही, चांगले तांबूस होईपर्यंत. मग चपट्या शेंगांचा हिरवा घेवडा आणि गार्रोफो. गार्रोफो हातात घेऊन बघितला, आपली डबल बी! फक्त ओली आणि जास्त मोठी. मग किसलेला टोमॅटो. मग लाल तिखट, रंगाचं, जाळ नसलेलं. ते टाकल्याबरोबर दिरांनी क्षणात पाणी ओतलं. तेलात तिखट करपतं हे मला कुणी सांगायला नको, पण त्यांचा हात किती झटकन फिरला ते बघून मान डोलावली. पाणी बराच वेळ उकळलं, त्यातच सगळा रस उतरला. केशर, मीठ, आणि मग तांदूळ. तांदूळ बोंबा जातीचा, आंबेमोहोरासारखा ठेंगणा, पण रस पिऊन फुगतो आणि गिचका होत नाही. तो पसरला की चमचा बाजूला. ढवळायचं नाही. अठरा-वीस मिनिटं फक्त जाळ बघायचा, लाकडं मागेपुढे करायची. भाताचा थर बोटभरही जाड नव्हता. मी मनात म्हटलं, एवढी मोठी कढई आणि एवढासा भात? पण मुद्दा तोच. थर पातळ म्हणून प्रत्येक घासाला तळ लागतो, आणि तळाला असतो सोकार्रात. सोकार्रात म्हणजे खरपूड. लहानपणी आजी पितळी पातेल्याच्या तळाची जी खरपूड तूप-मीठ लावून हातावर ठेवायची, तिच्यासाठी आम्हा भावंडांत मारामाऱ्या व्हायच्या. ती तिथे पाहुण्यांसाठी मुद्दाम धरतात.

खायची पद्धत अशी. कढई टेबलाच्या मध्यभागी, ताटं नाहीत, प्रत्येकाला लाकडी चमचा. आपल्यासमोरचा त्रिकोण आपला. कडेपासून मध्याकडे खात जायचं, शेजारच्याच्या हद्दीत घुसायचं नाही. नको असलेला तुकडा मध्यभागी सरकवायचा. नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होता. ससा बघून नव्हे, एकाच भांड्यात सगळ्यांचे चमचे बघून. त्याला मी हळूच म्हटलं, "बघ, शेवटपर्यंत कुणाचं उष्टं कुणाला लागत नाही." खरंच लागत नव्हतं. मधल्या भिंती पातळ होत गेल्या, पण कुणी मोडल्या नाहीत. त्याला अर्थात त्या दिवशी तोर्तिया आणि सॅलड.

हॉटेलात खायची तर काही गोष्टी पाळा. पाएया दुपारीच. रात्री ती मागणारा पाहुणा, हे सगळ्यांना कळतं. आदल्या दिवशी फोन करून टेबल आणि भाताचा प्रकार दोन्ही सांगून ठेवा. बहुतेक ठिकाणी किमान दोघांसाठी करतात आणि करायला वेळ लागतो. दहा मिनिटांत आली तर ती तुमच्यासाठी केलेली नाही. "पाएया वालेन्सियाना" म्हणजे चिकन-सशाची, कधी गोगलगायीही असतात. समुद्राची हवी तर आर्रोस देल सेन्योरेत घ्या, कोळंबी सोललेली असते, हात बरबटत नाहीत. आर्रोस नेग्रे माकुलाच्या शाईतला काळा भात, दात काळे होतात, फोटो आधी काढा. चोरिसो सॉसेज पाएयात घालायचा विषयही काढू नका, एका ब्रिटिश शेफने 2016 मध्ये तशी कृती दिली तेव्हा स्पेनभर गदारोळ झाला होता. भातासाठी शहराबाहेर जायचं तर आल्बुफेरा सरोवराकाठच्या एल पाल्मार गावात जा. भोवती भातखाचरं आहेत, जूनमध्ये हिरवीगार. मला क्षणभर मावळात आल्यासारखं वाटलं, फक्त डोंगर कुणीतरी उचलून नेलेले. तिथे आल इ पेब्रे मिळतं, लसूण आणि लाल तिखटातली वाम. चव छान, पण युरोपातली वाम आता नामशेष व्हायच्या मार्गावर आहे हे कळल्यावर मी दुसऱ्यांदा घेतली नाही.

रोजच्या दुपारी एवढा घाट कुणी घालत नाही. सोमवार ते शुक्रवार फळ्यावर खडूने लिहिलेला "मेनू देल दिया" शोधा. पहिला पदार्थ, दुसरा पदार्थ, पाव, पेय, गोड किंवा कॉफी, सगळं मिळून आम्ही चौदा-पंधरा युरो देत होतो. थाळीच ती. फळा हाताने लिहिलेला आणि रोज बदलणारा हवा, आणि आत कामावरून आलेली माणसं हवीत. पाणी नळाचं हवं तर "आग्वा देल ग्रीफो" म्हणा. 2022 च्या कायद्याप्रमाणे ते फुकट द्यावं लागतं. चव जराशी जड आहे, क्षाराची.

शाकाहाऱ्यांसाठी नीट वाचा. "मी मांस खात नाही" एवढं सांगून भागत नाही. त्यांच्या मनात मांस म्हणजे मोठा तुकडा. मिश्र सॅलडवर ट्युना येतो, बटाट्याच्या सॅलडमध्ये ट्युना, मसुराच्या आमटीत सॉसेज, क्रोकेत्यांत हॅम. नवऱ्याने पहिल्या आठवड्यात हे सगळं एकेक करून शोधून काढलं. शेवटी लेकीने त्याला कार्ड लिहून दिलं, ते तुम्हीही पाठ करा: "नो कोमो कार्ने, नी पेस्कादो, नी हामोन, नी आतून." मांस नाही, मासा नाही, हॅम नाही, ट्युना नाही. भाज्यांची पाएया घेताना "काल्दो दे वेर्दुरास?" विचारा, म्हणजे रस भाज्यांचा आहे ना. कार्ड मिळाल्यावर त्याचं पोट भरायला लागलं. भाजलेली वांगी आणि सिमला मिरची तेलात, तळलेले हिरवे पाद्रोन मिरचे, टोमॅटो चोळलेला पाव. हे टोमॅटो कापून त्यावर फक्त मीठ आणि तेल घातलेलं खा एकदा.

संध्याकाळी सहा वाजता ओर्चाता. चुफा नावाचा शेंगदाण्याएवढा कंद, तो पाण्यात भिजवून, वाटून, फडक्यातून पिळून, साखर घालून थंडगार करतात. नारळाचं दूध काढतो अगदी तसंच. दुधाचा थेंब नाही. चुफाचं झाड बघितलं तर आपल्या लव्हाळ्याचं भावंड, शेतातून आपण उपटून फेकतो त्या नागरमोथ्याच्याच कुळातलं. आल्बोराया गावाला गेलात तर आजूबाजूला त्याची शेतं दिसतात. बरोबर फार्तोन्स घ्यायचे, लांबट गोड पाव, ग्लासात बुडवण्यासाठीच ते तेवढे लांब. त्या दिवशी नेमकी एकादशी होती. नवरा विचारतो, "कंद आहे, उपासाला चालेल ना?" साखर, पाणी आणि कंद. मी म्हटलं, चालेल. फार्तोन मात्र मी खाल्ला. मार्चमध्ये फायास उत्सवात गेलात तर लाल भोपळ्याचे बुन्योल्स मिळतात, त्यांच्या पिठात भोपळ्याचा गर असतो. लेकीने फोटो पाठवला होता तेव्हाच मी लिहिलं होतं, "अगं, हे घारगेच, मध्ये भोक पाडलेले."

मग चालायचं, कारण जेवायला अजून तीन तास. आम्ही तुरिया नदीच्या पात्रात चालायचो. 1957 च्या पुरानंतर त्यांनी नदीच शहराबाहेरून वळवली आणि रिकाम्या पात्रात बाग केली. पानशेत फुटलं त्याच्या चारच वर्षं आधी. आपण पात्रात काय केलं ते नदीकाठी पार्किंग शोधताना आठवतंच.

रात्रीचं जेवण हलकं, नऊ-साडेनऊला, उजेड असतानाच. समुद्राजवळच्या काबान्याल या जुन्या कोळीवाड्यात जा. घरांना रंगीत फरशा, दारात खुर्च्या टाकून बसलेल्या म्हाताऱ्या. मी माहेरची मालवणची, मला तिथे काही शिकवावं लागलं नाही. सेपिया म्हणजे माकुल, तव्यावर भाजलेलं, लसूण-अजमोदाच्या तेलात. एस्गार्राएत म्हणजे भाजून सोललेल्या लाल मिरचीचे पट्टे आणि खारवलेला कॉड मासा. आणि क्लोचिना, आपल्या शिनाण्यांची लहान बहीण, लिंबू घालून वाफवलेली. ही मे ते ऑगस्टच मिळते. ज्या महिन्यांच्या स्पॅनिश नावात "र" नाही तेव्हाच खायची, असं तिथले लोक सांगतात. आपल्याकडे नारळी पौर्णिमेपर्यंत थांबतात, त्याचीच उलटी बाजू. एकेक बशी मागवा, मध्ये ठेवा, वाटून खा, संपली की पुढची. सगळं एकदम मागवलंत तर टेबलावर जागा उरत नाही आणि सगळं गार होतं. रविवारी रात्री आणि सोमवारी बरीच घरगुती ठिकाणं बंद असतात, म्हणून शनिवारीच अंडी आणि पाव आणून ठेवा.

आणि बिल. ते मागितल्याशिवाय येत नाही. पहिल्या आठवड्यात एका ठिकाणी जेवून आम्ही पाऊण तास बसून राहिलो. नवरा म्हणे, "विसरले वाटतं." मी म्हणे, "दुर्लक्ष करतायत, परके आहोत ना." वाढणारा मुलगा दोनदा शेजारून गेला, हसला आणि गेला. तो आम्हाला निवांत बसू देत होता. जेवणानंतर टेबलावर गप्पा मारत बसण्याला त्यांच्याकडे वेगळा शब्दच आहे, सोब्रेमेसा, आणि बिल आणून ठेवणं म्हणजे उठा म्हणणं. निघायचं असेल तर हात जरासा वर करून म्हणा, "ला क्वेंता, पोर फावोर." वर सुट्टी नाणी ठेवलीत तर ठीक, नाही ठेवलीत तरी कुणी बघत नाही. रविवारी सकाळी आपण खातो तेव्हा खुर्चीच्या पाठीला धरून पुढचं कुटुंब उभं असतं. तिथे मागे वळून बघायची माझी सवय जायला तिसरा आठवडा उजाडला.